आधी नाणी, मग मूर्ती : तक्षशिला, पेशावर आणि स्वात

गांधार, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या वायव्येचा जुना प्रदेश, बघायला निघालेले बहुतेक लोक थेट पेशावरचं म्युझियम गाठतात. कुरळ्या केसांचा, चुणीदार वस्त्रातला बुद्ध दिसला की ‘हा ग्रीकांनी घडवला’ असं ठरवून मोकळे होतात. हिशेब मात्र जुळत नाही. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, राज्य करत होता इ.स.पू. १५०च्या आसपास. तक्षशिलेतली ग्रीक सत्ता शक राजा मोग याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात संपवली. म्युझियममधल्या मूर्ती बव्हंशी इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या आहेत, म्हणजे कुशाणांच्या काळातल्या. मधलं शंभर-दोनशे वर्षांचं अंतर लक्षात यायचं असेल तर क्रम उलटा लावावा लागतो: आधी नाणी, मग शहर, मग स्तूप, आणि मूर्ती त्यानंतर. खालची आखणी त्या क्रमाने केली आहे.

निघण्यापूर्वीची कामं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर पाकिस्तानचा साधा पर्यटक व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य. एरवीसुद्धा भारतीयांचा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच असतो आणि पोलिसांकडे नोंद करावी लागते. ब्रिटिश, अमेरिकी किंवा अन्य पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना ऑनलाइन अर्ज करता येतो, पण भारतीय वंशाच्या अर्जांच्या छाननीला वेळ लागतो, म्हणून तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढावीत. पेशावर आणि स्वातबद्दल आपल्या देशाच्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचना वाचावी. ‘जाऊ नये’ असा शेरा असेल तर बहुतेक प्रवासविमे त्या भागात लागू होत नाहीत. ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी चंडीगढचं सरकारी म्युझियम उत्तम. १९४८ साली लाहोर म्युझियमच्या संग्रहाची वाटणी झाली तेव्हा सहाशेच्या वर गांधार शिल्पं भारताच्या वाट्याला आली, ती तिथे आहेत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधलं गांधार दालनही तोडीचं आहे.

ऋतू ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च. जूनमध्ये तक्षशिलेत पारा चाळिशीच्या वर जातो आणि सिरकपमध्ये सावली नाही. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च आणि फोटोत ठेवायला दहा सेंटिमीटरची पट्टी असावी. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने आडवा धरायचा. झिजलेली अक्षरं आणि छिन्नीचे घाव तेव्हाच उठून दिसतात.

पहिला दिवस : तक्षशिला म्युझियम, भीर टेकडी, सिरकप, जंडियाल

इस्लामाबादहून तक्षशिला साधारण पस्तीस किलोमीटर. दिवसभरासाठी गाडी ठरवावी, कारण अवशेष एका जागी नाहीत, खोऱ्यात विखुरलेले आहेत. म्युझियम उघडताच आत शिरावं आणि मूर्तींकडे पाठ करून नाण्यांच्या कपाटाशी जावं.

सुरुवात आहत नाण्यांपासून. चांदीचे तुकडे, त्यांवर वेगवेगळे ठसे मारलेले, राजाचं नाव नाही, चेहरा नाही. १९२४ साली भीर टेकडीत अशा हजाराहून जास्त नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातच अलेक्झांडरची दोन व फिलिप अरिडायसचं एक नाणं निघालं. भारतीय आणि ग्रीक नाणी एका मडक्यात पडण्याचा हा आरंभ.

त्यानंतर इंडो-ग्रीक नाणी. मिनँडरचा चांदीचा द्रम्म समोर ठेवून वाचायला शिकावं, बाकीची त्याच वळणाची आहेत. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’. मागे वज्र फेकणारी ग्रीक देवी अथीना आणि भोवती खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची. देवतेच्या बाजूला अक्षरांची गुंफण करून केलेली खूण असते, टांकसाळ किंवा अधिकारी ओळखायला ती उपयोगी. आता वजन. ग्रीसच्या अ‍ॅटिक मापाचा द्रम्म सव्वाचार ग्रॅमच्या आसपास असतो, हा मात्र सुमारे २.४५ ग्रॅमचा. हिंदुकुशाच्या दक्षिणेला आल्यावर यवन, म्हणजे ग्रीक, राजांनी माप बदललं, दुसरी लिपी घातली आणि इथल्या सवयीप्रमाणे चौकोनी नाणीही पाडली. अपोलोडोटसचं हत्ती आणि वशिंडाचा बैल असलेलं चौकोनी चांदीचं नाणं दिसलं तर तिथे थांबावं. त्यावर राजाचा चेहराही नाही. ग्रीकांनी इथल्यांना काय दिलं हे सगळे विचारतात, ते स्वतः किती बदलले याचं उत्तर या कपाटात आहे.

पुढच्या शतकांतली नाणी बघताना ग्रीक ‘ओ’ अक्षरावर लक्ष ठेवावं. आधी ते गोल असतं. शक आणि पहलव (पार्थियन) राजांच्या काळात चौकोनी होतं. नंतर तर अक्षरांऐवजी नुसत्या रेघा उरतात, कारण साचा कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नाही. या घसरणीचं शेवटचं टोक महाराष्ट्रात बघायला मिळतं. क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीसोबत ग्रीक अक्षरंही आहेत, पण भाषा ग्रीक नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली त्याच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे.

म्युझियममधून निघण्याआधी दोन गोष्टी. एक, सिरकपमध्ये सापडलेला अशोककालीन लेख, पश्चिम आशियातल्या अरामाईक भाषेतला. दुसरी, तळहातावर मावतील अशा दगडी तबकड्या. त्यांवर ग्रीक पुराणांतले प्रसंग, समुद्रातले विचित्र प्राणी, मद्यपानाची दृश्यं कोरलेली असतात. त्या नेमक्या कशासाठी वापरत यावर एकमत नाही. ‘प्रसाधनाची तबकडी’ हे नुसतं चिकटलेलं नाव आहे.

भीर टेकडीला अर्धा तास पुरे. वेड्यावाकड्या गल्ल्या आणि ओबडधोबड दगडांच्या भिंती एवढंच आहे, पण त्या डोळ्यांत साठवून लगेच सिरकपला जावं. सिरकपमध्ये उत्तर दारातून आत शिरलं की सरळ रेषेत सुमारे सातशे मीटरचा हमरस्ता आणि त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या. ही आखणी ग्रीक. भिंती मात्र ग्रीक नाहीत, आणि इथेच बहुतेक मार्गदर्शक गोंधळ करतात. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिलेत खोदकाम केलं. सिरकपमध्ये त्यांना एकावर एक थर मिळाले आणि ग्रीक थर खाली आहेत. आज आपण ज्यातून चालतो तो बहुतांश इ.स. पहिल्या शतकातला शक-पहलवांचा थर आहे. आखणी जुन्यांची, घरं नंतरच्यांची.

रस्त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, दुतोंडी गरुडाचा स्तूप लागतो. त्याचा फक्त चौथरा उरला आहे आणि इथे घाई करण्यात अर्थ नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कोरिंथियन धाटणीचे, म्हणजे पानांनी सजवलेल्या शीर्षाचे, अर्धस्तंभ, आणि त्यांच्यामध्ये तीन प्रकारचे कोनाडे: पायऱ्यांलगत त्रिकोणी शिखराचा ग्रीक, मग पिंपळपानासारख्या कमानीचा, जी कार्ल्या-भाज्याला आपण पाहिलेली असते, आणि कडेला तोरणाचा. कमानींवर पक्षी बसलेले, त्यातला एक दोन तोंडांचा. तीन परंपरा इथे एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कारागिराकडे तिन्हींचे नमुने होते आणि त्याने ते ओळीने लावले. गिलावा बराच गळाला आहे, त्यामुळे दुपारच्या कडक उन्हात काही दिसत नाही. तीननंतर ऊन तिरपं झालं की कडा उठतात.

जंडियालचं मंदिर सिरकपच्या उत्तर दारापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर आहे. दर्शनी भागात आयोनिक, म्हणजे गुंडाळीसारख्या शीर्षाचे, स्तंभ, आत ओसरी, गाभारा, मागची ओसरी, सगळं ग्रीक देवळाच्या नकाशाप्रमाणे. फरक दोन. चहूबाजूंच्या स्तंभांच्या रांगेऐवजी खिडक्या असलेली भिंत आहे, आणि गाभाऱ्यामागे भरीव, खोल पायाचं बांधकाम आहे, त्यावर मनोरा असावा. मूर्ती सापडली नाही. त्यावरून मार्शल यांनी हे अग्निपूजकांचं देऊळ मानलं, पण ते अनुमानच आहे. बौद्ध वास्तू म्हणून कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नये.

दुसरा दिवस : धर्मराजिका, मोहरा मोरादू, जौलियाँ

या दिवसाची किल्ली आहे दगडांची रचना. तक्षशिलेत भिंत बघून काळ सांगता येतो. साधे अनघड दगड रचलेले असतील तर ती जुनी, शकांच्या काळापर्यंतची. इ.स. ३०च्या सुमारास मोठा भूकंप झाला असं मार्शल यांचं मत होतं. त्यानंतर मोठे दगड ठेवून मधल्या फटी पातळ चिपांनी भरायची पद्धत आली, कारण अशी भिंत हादऱ्याला जास्त टिकते. दुसऱ्या शतकापासून मोठे दगड नीट घडवलेले आणि चिपांचे थर सरळ आडव्या ओळींत दिसतात. धर्मराजिकेच्या मोठ्या स्तूपाला प्रदक्षिणा घालताना आणि भोवतालच्या छोट्या स्तूपांमध्ये हिंडताना हे सगळे प्रकार दिसतात. एकाच बांधकामात दोन पद्धती असतील तर तिथे डागडुजी झाली आहे असं समजावं. स्तूपाचा पाया अशोकाच्या काळातला मानतात, बाहेरचं रूप बरंच नंतरचं. पश्चिमेला जी खोल चीर दिसते ती खजिना शोधणाऱ्यांनी पाडलेली आहे. शेजारच्या एका छोट्या देवळात वर्ष १३६चा (शक राजा अझेसच्या संवतातलं, इ.स. नव्हे) खरोष्ठी लेख असलेला चांदीचा पत्रा मिळाला. बॅक्ट्रियाच्या, म्हणजे हिंदुकुशाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या, एका माणसाने बुद्धाच्या अस्थी इथे ठेवल्याची नोंद त्यात आहे.

मोहरा मोरादूला भिक्षूच्या खोलीत उभा असलेला पूर्ण स्तूप चुकवू नये. छत्रावलीसकट शाबूत राहिलेला स्तूप क्वचितच मिळतो. पडक्या स्तूपांची मूळ उंची किती असेल याचा अंदाज इथूनच येतो.

जौलियाँ टेकडीवर आहे आणि पायऱ्या दमवतात. पाणी खालीच घ्यावं. इथलं काम चुन्याच्या गिलाव्याचं. मुख्य स्तूपाभोवती वीसहून जास्त छोटे स्तूप छपराखाली आहेत. त्यांच्या चौथऱ्यांवर थरावर थर: खाली हत्ती आणि सिंह, मग वरचा भार पाठीवर पेलणारे बुटके, पिळदार पुरुष, वर बुद्ध. हे भार पेलणारे म्हणजे ग्रीकांचे अ‍ॅटलस. चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत, शेवटचा ग्रीक राजा जाऊन चारशे वर्षं होऊन गेली तरी, कारागीर तेच पात्र वापरत होते.

म्युझियमांमध्ये गिलाव्याची नुसती डोकी इतकी का, हा प्रश्न इथे सुटतो. डोकं चांगल्या चुन्यात केलेलं असे. धड मात्र बऱ्याचदा माती-दगडांच्या गाभ्यावर पातळ गिलावा देऊन उभं करत. छप्पर गेलं, पाऊस शिरला की माती विरघळते आणि डोकं सुटून खाली पडतं. जौलियाँचा मठ जळाला, त्या आगीत काही मातीची कामं भाजून उलट पक्की झाली, आणि म्हणून वाचली.

नाभीत भोक असलेली बुद्धमूर्ती चौकीदार हमखास दाखवतात. त्यात बोट घालून दुखणं बरं व्हावं म्हणून लोक प्रार्थना करत, असं सांगतात. खाली दात्याचं नाव खरोष्ठीत आहे, तेही बघावं.

वेळ आणि गाडी असेल तर हरो नदीकाठच्या भमालाला जाता येतं. तिथला क्रुसासारख्या आराखड्याचा स्तूप आणि सुमारे चौदा मीटर लांबीच्या परिनिर्वाण मूर्तीचे अवशेष मोठे आहेत, पण ग्रीक धागा तिथे क्षीण आहे.

तिसरा दिवस : तख्त-इ-बाही आणि शाहबाझगढी

मोटरवेने मर्दान गाठावं. तख्त-इ-बाही मर्दानपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, टेकडीवर. सकाळीच चढावं. स्तूपाचं अंगण, छोट्या स्तूपांचं अंगण आणि भिक्षूंच्या खोल्यांचं अंगण अशी रचना इतकी स्पष्ट दिसणारी दुसरी जागा गांधारात नाही. कोनाडे मात्र रिकामे. इथल्या मूर्ती पेशावरला आणि जगभर गेल्या. म्हणून कोनाड्यांची रुंदी-उंची पट्टीने मोजून ठेवावी. दुसऱ्या दिवशी म्युझियममधली मूर्ती मूळ कुठे बसत असेल याची कल्पना करता येते.

दुपारी शाहबाझगढी. अशोकाचे चौदा शिलालेख, खरोष्ठीत. आपल्याला तेरावा हवा. कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापानंतर त्यात पाच यवन राजांची नावं येतात: अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. सीरियापासून इजिप्त, मॅसिडोनियापर्यंतचे हे समकालीन राजे असल्यामुळे अशोकाचा काळ पक्का करता आला. गिरनारलाही हा लेख आहे, पण ब्राह्मीत. पृष्ठभाग खडबडीत आहे. लेखाचा छापलेला ठसा आधी पाहून कोणती ओळ कुठे हे टिपून नेलं नाही तर शिळेसमोर उभं राहून काही हाती लागत नाही.

चौथा दिवस : पेशावर

म्युझियमची इमारत १९०७ची, व्हिक्टोरिया स्मारक म्हणून बांधलेली. शुक्रवारी नमाजाच्या वेळी कामकाज थांबतं, तो दिवस टाळावा.

मधल्या दालनातले कथापट्ट उजवीकडून डावीकडे वाचायचे. स्तूपाची प्रदक्षिणा स्तूप उजव्या हाताला ठेवून घालतात, त्यामुळे चालणाऱ्याला आधी पट्ट्याचं उजवं टोक दिसतं. डावीकडून वाचायला गेलं तर महाभिनिष्क्रमण आधी आणि जन्म नंतर येतो. प्रसंगांच्या मध्ये कोरिंथियन अर्धस्तंभ असतात, ते चौकटीचं काम करतात.

पहिल्या दिवशीची नाणी आठवून आता ग्रीक खुणा शोधाव्यात. बुद्धाशेजारचा वज्रपाणी, म्हणजे हातात वज्र घेतलेला त्याचा रक्षक, बऱ्याच पट्ट्यांत दाढीवाला, उघड्या अंगाचा, ग्रीक वीर हेराक्लीजच्या बांध्याचा असतो. माळा खांद्यावर घेतलेली मुलं, अ‍ॅकँथसच्या (ग्रीक स्तंभांवरच्या कातरलेल्या) पानांत बसलेला बुद्ध असलेलं स्तंभशीर्ष, साहरी बहलोलहून आणलेली यक्ष पंचिक आणि त्याची पत्नी हारिती यांची जोडी, हे सगळं आहे. पण बोधिसत्त्वाचे दागिने, मुंडासं, मिशी इथल्या सरदारांची आहे, आणि वस्त्राच्या चुण्या रोमन काळच्या मूर्तींना जास्त जवळच्या. कुशाण साम्राज्याचा रोमशी व्यापार जोरात होता. मिनँडरच्या वारशाइतकंच किंवा त्याहून जास्त श्रेय त्या व्यापाराला द्यावं लागतं.

कुशाण राजा कनिष्काचा अस्थिकरंडक पेशावरच्या शाह-जी-की-ढेरी इथे डी. बी. स्पूनर यांच्या खोदकामात १९०८-०९ मध्ये मिळाला. आतल्या अस्थी ब्रिटिशांनी ब्रह्मदेशात मंडालेला पाठवल्या. ढेरी आता वस्तीखाली गेली आहे, तिकडे जाऊन उपयोग नाही. करंडकाच्या झाकणावर बुद्ध, बाजूला इंद्र आणि ब्रह्मा, कडेला उडते हंस, आणि पोटावर माळा वाहणारी तीच मुलं. त्यावरच्या लेखात ‘अगिसल’ असं नाव वाचून तो अगेसिलाओस नावाचा ग्रीक शिल्पी असं कित्येक वर्षं छापलं गेलं, आणि ग्रीक कलावंताचा हा जणू सहीचा पुरावा ठरला. नंतरच्या वाचनात तो शब्द ‘अग्निशाला’ ठरला, म्हणजे विहारातली एक वास्तू. बांधकामावर देखरेख करणारे म्हणून महासेन आणि संघरक्षित अशी नावं येतात. जुनी पुस्तकं आणि मार्गदर्शक अजून अगेसिलाओसच सांगतात.

कुशाण नाण्यांत कनिष्काचा सोन्याचा दिनार शोधावा. वजन आठ ग्रॅमच्या आत-बाहेर, अक्षरं ग्रीक पण भाषा बॅक्ट्रियन. मागे इराणी, ग्रीक, भारतीय कोणतीही देवता असू शकते. ‘बोद्दो’ असं लिहिलेली बुद्धाची नाणी फार दुर्मीळ.

बाजारात नाणी आणि मूर्ती दाखवायला लोक येतातच. खरी असेल तर घेणं गुन्हा, पुरावस्तू देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे. खोटी असेल तर पैसे गेले. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची जोडरेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते, भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात. दगडी मूर्तीत पट्टीकानशीचे समांतर ओरखडे, खोबणीत सारखी लावलेली माती आणि तुटलेल्या भागाचा ताजा, फिका रंग बघावा. अस्सल मूर्तीचे हात बऱ्याचदा मनगटापासून गेलेले असतात, कारण ते अनेकदा वेगळे करून खुंटीने बसवलेले असत. तिथे खुंटीचं भोक मिळतं. नकली मूर्ती मात्र सोयीच्या ठिकाणी ‘तुटलेली’ असते.

पाचवा दिवस : स्वात, बुटकारा

पेशावरहून मोटरवे आणि पुढे स्वात एक्स्प्रेसवेने चकदरा, तिथून नदीच्या काठाने मिंगोरा. बुटकाराचा मोठा स्तूप मिंगोरा आणि सैदू शरीफच्या मध्ये आहे. १९५६पासून इटालियन मोहिमेने तो खोदला, डोमेनिको फाच्चेन्ना यांनी. मूळ लहान स्तूप, त्याच्याभोवती दुसरा, मग तिसरा, असं पाच वेळा बांधकाम झालं. दुसऱ्या बांधकामाच्या थरात मिनँडरचं नाणं मिळालं. म्हणजे ग्रीक राजांच्या काळात इथे बौद्ध स्तूप वाढत होता. पण त्या थरात गांधार शैलीची बुद्धमूर्ती नाही, ती पुढच्या टप्प्यांत येते. आधी नाणी बघण्याचा आग्रह याचसाठी.

सैदू शरीफच्या स्वात म्युझियममध्ये बुटकाराची शिस्ट या हिरवट, पापुद्र्यांच्या दगडातली शिल्पं आहेत. पेशावरच्या तुलनेत चेहरे चपटे, डोळे मोठे, चुण्या रेघांसारख्या. यातली काही शिल्पं गांधार कलेतली सर्वांत जुनी मानली जातात आणि गंमत अशी की ती सर्वांत कमी ग्रीक दिसतात.

जहानाबादचा कातळातला बुद्ध जाता-येता पाहावा. सातव्या शतकातला आहे, आपल्या विषयाशी संबंध नाही. २००७ साली त्याचा चेहरा सुरुंगाने उडवला होता, नंतर इटालियन संवर्धकांनी तो दुरुस्त केला.

सहावा दिवस : बरीकोट

अलेक्झांडरच्या इतिहासकारांनी सांगितलेलं बझिरा ते हेच, अशी ओळख ऑरेल स्टाइन यांनी पटवली आणि ती टिकली. इथे इंडो-ग्रीक काळातली बुरुजांची तटबंदी मिळाली, ग्रीक अक्षरं खरडलेल्या खापऱ्या मिळाल्या आणि २०२१ मध्ये अर्धवर्तुळाकार टोकाच्या एका फार जुन्या बौद्ध मंदिराची घोषणा झाली. सिरकपमध्ये पायाखाली गाडलेला ग्रीक थर इथे काही जागी उघडा बघता येतो. मात्र खोदलेले चर हंगामानंतर संरक्षणासाठी झाकतात किंवा बुजवतात. त्यामुळे काय उघडं आहे हे आदल्या दिवशी स्वात म्युझियममध्ये विचारून घ्यावं. तटाच्या आत वरच्या थरांत कुशाणकाळची घरं आणि छोटी देवळं आहेत. तट बघताना खालचे मोठे दगड आणि वरची नंतरची भर यांत फरक करावा.

बरीकोटहून इलम पर्वताच्या पायथ्याशी अमलूक-दराचा स्तूप थोड्या अंतरावर आहे, शेवटचा टप्पा पायी. परतीला चकदऱ्याच्या म्युझियममध्ये दीर भागातली शिल्पं आहेत. ते दुपारनंतर लवकर बंद होऊ शकतं, म्हणून अमलूक-दरा सकाळी उरकून दोनच्या आत चकदरा गाठावं आणि मग एक्स्प्रेसवेने इस्लामाबाद.